रोजानं की गुत्त्यानं? महिलांच्या उपजीविकेसाठी निकालाधारित निधीचा करार बांधताना

शेतातली खुरपणी दोन तऱ्हेनं करून घेता येते. रोजानं लावली तर बाया दिवसभर वाकून काम करतात, पण संध्याकाळपर्यंत रान किती होईल याची खात्री नाही. गुत्त्यानं दिली तर एकरी पैसे ठरतात आणि काम झपाट्यानं उरकतं. मग पंधरा दिवसांनी कळतं की हरळी मुळासकट निघालीच नव्हती, वरच्यावर खुरपली होती.

सामाजिक संस्थांना मिळणारा बहुतेक निधी रोजाच्या जातीचा असतो. किती प्रशिक्षणं घेतली, किती बचत गट बांधले, किती शेळ्या वाटल्या याचे पैसे मिळतात. एका देणगीदाराच्या अहवालासाठी आम्ही वर्षभर हजेरीपटावर सह्या जमवल्या होत्या. पट भरला, पैसेही वेळेवर आले. त्यातल्या किती जणींच्या घरात काही बदललं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

निकालाधारित निधी म्हणजे गुत्तं. बाईच्या घरात ठरलेला बदल झाला तर पैसे, नाही झाला तर नाहीत. आता कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च पाहणारे) विभागही अशा करारांबद्दल विचारू लागले आहेत आणि छोट्या संस्था गांगरून जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. हरळीचं काय करायचं, म्हणजे वरवरचं काम कसं टाळायचं, यावर त्यात जास्त बोललो आहे.

आधी माणसं ओळखून घ्या

अशा करारात साधारण चार जण असतात. काम करणारी संस्था. काम सुरू होण्याआधी पैसे लावणारा, त्याला गुंतवणूकदार म्हणू. निकाल दिसल्यावर ते पैसे थोड्या परताव्यासह चुकते करणारा, तो सरकार, फाउंडेशन किंवा कंपनी असू शकतो. आणि निकाल खरंच आला का हे तपासणारा तटस्थ मूल्यमापक. ही रचना परदेशी मदत किंवा फाउंडेशनच्या पैशावर उभी असेल तर तिला डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड म्हणतात, सरकार पैसे देणार असेल तर सोशल इम्पॅक्ट बॉण्ड. यातला पहिला प्रयोग २०१० मध्ये इंग्लंडात पीटरबरोच्या तुरुंगात झाला. सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळू नयेत, हा त्यातला निकाल. नावात बॉण्ड असला तरी हा रोखा नव्हे, चार जणांमधला करार आहे. बाजारात महिलांच्या नावानं खरे रोखेही निघतात. सिंगापूरच्या शेअर बाजारात २०१७ पासून विमेन्स लाइव्हलिहूड बॉण्ड आहेत. त्यांचं व्याज ठरलेलं असतं, बाईचं घर सावरलं की नाही यावर ते हलत नाही. कुणी तुमच्यासमोर 'इम्पॅक्ट बॉण्ड' असा शब्द टाकला तर आधी विचारा, पैसे नेमके कशावर अवलंबून आहेत?

दोन उदाहरणं जवळ ठेवू. एक केनिया आणि युगांडातलं. व्हिलेज एंटरप्राइज ही १९८७ पासूनची संस्था अतिगरीब कुटुंबांतल्या तिघा-तिघांचे गट करते, त्यांना प्रशिक्षण आणि छोटं रोख अनुदान देते, वर्षभर एक मार्गदर्शक मागे लावते आणि सुमारे तीस जणांच्या बचत मंडळात जोडते. सहभागींमध्ये बहुतांश बाया. २०१७ मध्ये या कामासाठी ५० लाख डॉलरहून मोठा निकालाधारित करार झाला. अमेरिका आणि ब्रिटन सरकारच्या मदतसंस्था निकालाचे पैसे देणाऱ्यांत होत्या. सुमारे १४,००० जणांनी मिळून ४,७०० वर छोटे धंदे काढले.

दुसरं आपल्याकडचं, स्किल इम्पॅक्ट बॉण्ड. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला हा करार १.४४ कोटी डॉलरचा. चार वर्षांत ५०,००० तरुणांना कौशल्य आणि नोकरी द्यायची, त्यात ६० टक्के मुली आणि बायका, असं उद्दिष्ट होतं. आधी पैसे लावणाऱ्यांत राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आणि मायकेल अँड सुसान डेल फाउंडेशन, तर निकालाचे पैसे देणाऱ्यांत एचएसबीसी इंडिया आणि जेएसडब्ल्यू फाउंडेशनसारखी नावं. प्रशिक्षण देणाऱ्यांत मुंबईची मॅजिक बसही होती.

पायरी पहिली: हे आपलं काम आहे का?

तीन प्रश्न स्वतःला विचारा. तुमची कामाची पद्धत किमान दोन-तीन वर्षं चालवून पाहिलेली आहे का? मागच्या तुकडीतल्या बायांचा घरनिहाय हिशेब तुमच्याकडे आहे का? आणि एकाच वेळी काहीशे घरांपर्यंत पोहोचण्याइतकी माणसं आहेत का? यातलं एकही 'नाही' असेल तर चौघांचा मोठा करार अंगावर घेऊ नका. करार बांधणं, वकील, मूल्यमापन हा खर्च पन्नास घरांसाठी तितकाच येतो आणि पाचशे घरांसाठीही जवळपास तितकाच. नवी कल्पना आजमावून पाहायची असेल तर साधं अनुदानच बरं. नव्या कल्पनेला फसायचाही हक्क असतो आणि गुत्त्यात तो हक्क महाग पडतो.

मधला रस्ताही आहे. गुंतवणूकदार न आणता देणगीदाराशीच ठरवायचं की सत्तर टक्के रक्कम नेहमीसारखी हप्त्यानं आणि तीस टक्के निकालावर. पहिल्यांदा करणाऱ्या संस्थेला मी हेच सुचवतो.

पायरी दुसरी: निकाल म्हणजे काय ते ठरवा (इथं घाई नको)

'महिलांचं उत्पन्न वाढवणे' असं लिहिणं सोपं आहे. मोजायला गेलं की पंचाईत होते. जी बाई दोन शेळ्या, चार कोंबड्या, आठवड्यातले तीन दिवस मजुरी आणि अधूनमधून शिवणकाम करते, तिला महिन्याचं उत्पन्न विचारून पाहा. ती तोंडाला येईल तो आकडा सांगेल, आणि योजनेचा फॉर्म भरायचाय असं वाटलं तर त्याहून कमी सांगेल. म्हणून गरिबीच्या अभ्यासात उत्पन्नापेक्षा खर्चाला जास्त मान आहे. गेल्या आठवड्यात तेल किती आणलं, डाळ किती, मुलांच्या वह्यांना किती गेले, दवाखान्याला किती, हे बाईला नीट आठवतं. व्हिलेज एंटरप्राइजच्या करारात पैसे दोनच गोष्टींवर होते: घराचा खर्च आणि घराची निव्वळ मालमत्ता, म्हणजे जनावरं, वस्तू, धंद्यातला माल आणि बचत यांतून कर्ज वजा जाता उरतं ते. दोन्ही घेण्यामागे कारण आहे. नुसता खर्च मोजला तर शेळी विकून सण साजरा करणारं घर यशस्वी दिसतं. नुसती मालमत्ता मोजली तर पोटाला चिमटा काढून शेळी राखणारं घर.

तरीही एक मोठी फट राहते. हे दोन्ही आकडे घराचे आहेत, बाईचे नाहीत. २०१५ मध्ये सहा देशांतली दहा हजारांवर अतिगरीब घरं घेऊन एका मदत कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातलं पश्चिम बंगालही होतं. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही घरांचा खर्च आणि मालमत्ता कार्यक्रमात नसलेल्या, तुलनेला ठेवलेल्या घरांपेक्षा वरच होती, पण घरच्या निर्णयांत बाईचा वाढलेला शब्द तोवर विरून गेला होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो त्या अभ्यासात होते, चार वर्षांनी दोघांना नोबेल मिळालं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: घर वर आलं म्हणून बाई वर आली असं धरून चालायचं नाही.

म्हणून घराच्या आकड्यांसोबत बाईच्या नावाचं असं काहीतरी करारात हवं, आणि ते डोळ्यांनी पाहता येईल असं हवं. 'सक्षमीकरण निर्देशांक' वगैरे ठेवला की मूल्यमापक आणि तुम्ही वर्षभर शब्दांवरच भांडत बसाल. त्यापेक्षा असं विचारा: तिच्या एकटीच्या नावावर वापरात असलेलं बँक खातं आहे का, आणि गेल्या तीन महिन्यांत तिनं स्वतः त्यातून पैसे काढले का? बचत गटातलं कर्ज तिच्या धंद्यात गेलं की नवऱ्याच्या मोटारसायकलच्या हप्त्यात? विकलेल्या शेळीचे पैसे कुणाच्या हातात आले? यातले फार तर दोन निवडा. चारपेक्षा जास्त निकाल असलेला करार गावात कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पायरी तिसरी: यादी आधी गोठवा

गुत्त्याची पहिली लबाडी इथं होते. पैसे निकालावर असतील तर सोपी घरं निवडायचा मोह होतो: थोडी शिकलेली, नवऱ्याची साथ असलेली, रस्त्याकाठची बाई. वस्तीवरची विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, ऊसतोडीला जाणारी मागे पडते. यात कुणी वाईट नसतं. आकडा माणसाला हळूच तिकडे ढकलतो.

उपाय दोन. पहिला, निवड गावानं करायची. वस्तीतल्या बायांना एकत्र बसवून जमिनीवर नकाशा काढायचा, घरांची परिस्थितीप्रमाणे उतरंड लावायची आणि खालच्या घरांची यादी काम सुरू होण्याआधी मूल्यमापकाच्या हवाली करायची. सरपंचानं दिलेली यादी किंवा दारिद्र्यरेषेची जुनी यादी ताडून पाहायला घ्या, आधार म्हणून नको. नंतर यशस्वी ठरलेल्यांची टक्केवारी काढताना भागाकार या मूळ यादीनं व्हायला हवा, टिकून राहिलेल्यांच्या यादीनं नाही. दुसरा उपाय, अवघड घराचा दर जास्त ठेवायचा. एकल महिलेचं घर सावरलं तर सव्वापट रक्कम, असं करारातच लिहिलं की कार्यकर्ती वस्तीच्या टोकापर्यंत चालत जाते.

पायरी चौथी: मोजायचं कसं, आणि कशाच्या तुलनेत

समजा जून २०२४ मध्ये तुम्ही घरं मोजली आणि जून २०२५ मध्ये पुन्हा मोजली. खर्च चांगला वाढलेला दिसला. श्रेय कुणाचं? मधल्या काळात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली आणि पात्र बायांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये पडू लागले. आधी-नंतरचा फरक तुम्ही निकाल म्हणून दाखवलात तर शासनाचे पैसे स्वतःच्या नावावर खपवल्यासारखं होईल. उलटही होतं. पावसानं दगा दिला, सोयाबीन गेलं, मजुरी बुडाली, तर तुम्ही जीव तोडून काम करूनही आकडा खाली येईल.

यावर उतारा म्हणजे तुलनेचा गट. व्हिलेज एंटरप्राइजच्या करारात कोणत्या गावांत काम करायचं आणि कोणती तुलनेला ठेवायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं, आणि मोजणी आयडीइनसाइट या तटस्थ संस्थेनं केली. तुलनेच्या गावांपेक्षा घरखर्च आणि निव्वळ मालमत्ता दोन्ही सुमारे सहा टक्क्यांनी वर गेले. सहा टक्के ऐकून नाक मुरडू नका. हा पाऊस, भाव, सरकारी योजना सगळं वजा करून उरलेला आकडा आहे. 'आमच्या बायांचं उत्पन्न दुप्पट झालं' असं छापणाऱ्या पत्रकांत हे वजा केलेलं नसतं.

पण ही पद्धत महाग आणि किचकट आहे. प्रत्येक कराराला ती परवडत नाही आणि प्रत्येक निकालाला लागतही नाही. स्किल इम्पॅक्ट बॉण्डमध्ये प्रमाणपत्र मिळालं का, नोकरी लागली का आणि तीन महिन्यांनी ती टिकून आहे का, हे पडताळणं पुरेसं धरलं होतं. तिसरा निकष तिथं सगळ्यात मोलाचा आहे. मुलीला नोकरी लावून देणं सोपं, शहरातली खोली, रात्रपाळी आणि घरून येणारे फोन यांतून तिची नोकरी टिकवणं कठीण. राजस्थानात भिलवाड्याला २०१५ ते २०१८ चाललेल्या, मुलींच्या शिक्षणावर काम करणाऱ्या एज्युकेट गर्ल्स या संस्थेच्या करारात दोन्ही वापरलं होतं. शाळाबाह्य मुली पटावर आल्या का ते याद्या पडताळून, आणि मुलं किती शिकली ते तुलनेच्या शाळांसमोर ठेवून. पैशाचा २० टक्के भाग पटनोंदणीवर, ८० टक्के शिकण्यावर. मुळासकट कुठं काढायचं, ते या वाटपातूनच कळतं.

आता आपल्या मातीतल्या काही गोष्टी, ज्या कुठल्याही पुस्तिकेत मिळणार नाहीत. मोजणीचा महिना करारात लिहा. बीड, धाराशिवकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरांना कुलूप असतं. डिसेंबरात पाहणी केलीत तर तुमची सगळ्यात गरीब घरं 'आढळली नाहीत' या रकान्यात जातील. पहिली मोजणी ज्या महिन्यात, दुसरीही त्याच महिन्यात. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या महिन्यातला खर्च दुसऱ्या महिन्याशी ताडू नका. माहिती घ्यायला बाईच जाऊ दे, आणि प्रश्न विचारताना नवरा किंवा सासू शेजारी असेल तर तसं फॉर्मवर नोंदवा. तुमची कार्यकर्ती मूल्यमापकाला वस्तीचा रस्ता दाखवेल, ओट्यावर बसणार नाही.

पायरी पाचवी: भाव काढा

कागद घेऊन बसू. समजा ५०० बाया आणि प्रत्येकीमागे दोन वर्षांत २४,००० रुपये खर्च. एकूण १ कोटी २० लाख. मागच्या तुकडीवरून तुमचा अंदाज आहे की शंभरातल्या सत्तर जणींची घरं ठरलेल्या पातळीला पोहोचतात, म्हणजे ३५०. गुंतवणूकदाराला परतावा १२ लाख धरू. एकूण १ कोटी ३२ लाख. भागिले ३५०, म्हणजे यशस्वी घरामागे ३७,७०० च्या आसपास. भाव ३८,००० ठेवला.

आता वाईट वर्ष लावून बघा. २५० च घरं पोहोचली तर ९५ लाख येतील. मुद्दलातच २५ लाखांची तूट. ती कुणी सोसायची? उत्तर 'संस्थेनं' असेल तर सही करू नका. तोटा सोसायलाच गुंतवणूकदार करारात असतो, परतावा त्याला त्याचाच मिळतो. चांगल्या वर्षाची मर्यादाही लिहा. पैसे देणारा ४०० घरांपुढे देणार नसेल तर त्याचा खर्च १ कोटी ५२ लाखांना थांबतो. मूल्यमापनाचा खर्च या भावात घालू नका, तो पैसे देणाऱ्यानं वेगळा द्यावा. मूल्यमापकाची फी संस्थेच्या हातून गेली की तो तटस्थ राहत नाही.

'घर पोहोचलं किंवा नाही पोहोचलं' असा एकच उंबरठा ठेवण्यातही धोका आहे. उंबरठ्याच्या जरा खालच्या घरांवर सगळी मेहनत जाते आणि फार खालच्यांना कुणी हात लावत नाही. जमल्यास सरासरी वाढीच्या प्रमाणात पैसे ठरवा, निदान दोन टप्पे तरी करा.

पायरी सहावी: पैसा कुठल्या दारानं येणार

इथं सनदी लेखापाल आधीच गाठा. सीएसआरचा पैसा कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतो. त्यातून कंपनीला नफा कमावता येत नाही, झालेली शिल्लक पुन्हा सीएसआरमध्येच घालावी लागते. म्हणून सीएसआरचा पैसा निकालाचे पैसे देणाऱ्याच्या बाजूला शोभतो, परतावा घेणाऱ्याच्या नाही. अडचण वर्षाची असते. कंपनीला खर्च त्याच आर्थिक वर्षात दाखवायचा असतो आणि तुमचा निकाल दोन वर्षांनी येतो. त्यासाठी काम 'चालू प्रकल्प' म्हणून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यायचं, न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चायची, अशी वाट कायद्यातच आहे. कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यालाही ती नेहमी ठाऊक असतेच असं नाही, असा माझा अनुभव.

परदेशी निधी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं परदेशी निधी घेऊन दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. 'मोठी संस्था पैसे घेईल आणि चार छोट्या संस्थांना वाटेल' ही रचना त्यामुळे मोडते. प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र करार लागतो.

महापालिकेच्या पातळीवर पिंपरी-चिंचवडनं डिसेंबर २०२० मध्ये आरोग्यसेवेतल्या सोशल इम्पॅक्ट बॉण्डसाठी यूएनडीपीशी (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी) सामंजस्य करार केला होता. तो महिलांच्या उपजीविकेचा नाही, पण जिल्हा परिषदेशी किंवा पालिकेशी बोलताना 'असं कुठं ऐकलंय का' या प्रश्नाला उत्तर म्हणून उपयोगी पडतो.

पायरी सातवी: काम चालू असताना

गुत्त्याचा खरा फायदा इथं आहे. कसं काम करायचं हे कुणी सांगत नाही. शिलाई मशीन चालत नसेल तर अंदाजपत्रकाची सुधारित मंजुरी न मागता शेळीकडे वळता येतं. भिलवाड्यात दोन वर्षं झाली तेव्हा शिकण्याचं उद्दिष्ट जेमतेम निम्म्यावर होतं. तिसऱ्या वर्षी संस्थेनं शिकवण्याची पद्धत बदलली, मुलांना त्यांच्या पातळीप्रमाणे बसवलं, शाळेत न येणाऱ्यांच्या घरापर्यंत गेले. शेवटी शिकण्यात उद्दिष्टाच्या १६० टक्के आणि पटनोंदणीत ११६ टक्के गाठले. आधी पैसे लावणाऱ्या यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनला मुद्दल वर्षाला १५ टक्के परताव्यासह परत मिळालं. दुसऱ्या वर्षीचा कमी आकडा लपवता आला नाही, म्हणून तिसरं वर्ष सुधारलं.

तेव्हा दर महिन्याला गावनिहाय एक पान ठेवा: किती जणींचा धंदा चालू, किती जणींचा बंद, बंद का. 'बंद का' हा रकाना कार्यकर्तीच्या शब्दांत राहू दे. आणि कार्यकर्तीचा, प्रेरिकेचा पगार निकालाला बांधू नका. संस्थेवर पडणारा दाब तुम्ही तिच्यावर टाकलात तर ती तो बाईवर टाकेल. मग मूल्यमापक येण्याच्या आदल्या दिवशी शेजारणीची शेळी दावणीला बांधलेली दिसेल.

करारात संकटाचं कलमही हवं, पण 'दैवी आपत्ती' एवढंच लिहून भागत नाही. मार्च २०२० नं ते सगळ्यांना शिकवलं. आठवडी बाजार सलग किती आठवडे बंद राहिले तर मोजणी पुढं जाईल, तालुका दुष्काळी जाहीर झाला तर काय, जनावरांत लम्पीसारखी साथ आली तर काय, हे नावानिशी लिहा आणि निर्णय कोण घेईल तेही.

बायांना हे सगळं सांगायचं का? सांगायचं. तुझ्या घरातला बदल मोजला जाणार आहे, त्यावर संस्थेला पैसे मिळणार आहेत, तुला मिळणारी मदत त्यामुळे कमी-जास्त होणार नाही, आणि नको असेल तर उत्तर देऊ नकोस. गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं होतं, "म्हंजी आमी पास झालो तर फी तुमाला मिळनार व्हय?" मला पटकन उत्तर सुचलं नव्हतं.

मोठ्या कराराआधी एक कोरडी फेरी

सही करायच्या आधी एक वर्ष कागदावर गुत्तं घेऊन बघा. नेहमीच्या निधीवर चालू असलेल्या कामातली साठ घरं घ्या. शेजारच्या, तुम्ही काम करत नाही अशा वस्तीतली साठ घरं तुलनेला. दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेच्या दोन ताईंना मोजायला बोलवा, त्यांच्या भागात तुमच्या ताई जातील, म्हणजे खर्च प्रवासाचा आणि जेवणाचाच. खर्च, मालमत्ता आणि बाईच्या नावावरचं खातं, एवढंच विचारा. वर्षानं पुन्हा मोजा आणि वर काढलेल्या भावानं हिशेब मांडा: खरा करार असता तर किती पैसे आले असते? आमचा पहिला हिशेब खर्चाच्या निम्म्यालाही पोहोचला नव्हता, कारण अकरा घरं कुलूपबंद होती आणि आम्ही मोजणी नोव्हेंबरात ठेवली होती. पुढच्या खेपेला पहिली फेरी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली, टोळ्या परतल्यावर आणि पेरणी सुरू व्हायच्या आधी.